शेळीच्या पोटातलं रेशीम

कतारमध्ये बरीच वर्षं काढली असं कळलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे तेलात होतात का?" मी सांगतो, "नाही हो, शेणात होतो." माझी बायको कुसुम या उत्तरावर अजूनही डोळे वटारते. पण त्यात खोटं काय आहे? मी जनावरांचा डॉक्टर. माझ्याबरोबर विमानातून उतरलेले पुण्या-मुंबईचे इंजिनिअर तेल आणि गॅसच्या मागे गेले. मी बोटीतून उतरणाऱ्या शेळ्यामेंढ्यांच्या मागे गेलो.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी दोह्याला पोचलो. नोकरी सरकारी पशु-विलगीकरण केंद्रात. विलगीकरणाला अरबीत 'हजर' म्हणतात. आमचे मुख्य डॉक्टर फौझी इजिप्तचे. पहिल्या भेटीत त्यांनी माझे कागद बघितले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "उद्या सकाळपासून तू, हजर." मी शाळेतल्यासारखा ताठ होऊन "हजर, सर" म्हणालो. त्यांना वाटलं, या हिंदी माणसाला अरबी येतं. तो गैरसमज मी बरेच दिवस टिकवला.

काम तसं सोपं सांगता येईल. तिथे चारा उगवत नाही, पण मटण सगळ्यांना लागतं. त्यामुळे सोमालिया, सुदान, इराण असं कुठून कुठून जिवंत जनावर यायचं. बोटीतून उतरलं की ते थेट बाजारात जायचं नाही, आधी आमच्या पत्र्याच्या गोठ्यांत मुक्कामाला यायचं. आम्ही डोळे बघायचे, तोंड उघडून जीभ बघायची, खुरं बघायची, शेण बघायचं. लाळ्या-खुरकूत नाही ना, देवी नाहीत ना, आणि सगळ्यात मोठी धास्ती कळपच्या कळप संपवणाऱ्या बुळकांडीची. जनावर काही बोलत नाही आणि त्याचा व्यापारी बोलायचं थांबत नाही. या दोघांमधून खरं काय ते काढायचं, हीच आमची विद्या.

शिवाय गावात दुसरा डॉक्टर पटकन मिळत नसल्यामुळे भलतीच गिऱ्हाईकं यायची. एक वयस्कर कतारी गृहस्थ आपला ससाणा घेऊन यायचे. ससाण्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी, आणि त्याला बसायला स्वतंत्र खुर्ची लागायची. माझ्याकडे खुर्च्या दोनच होत्या. त्यामुळे ससाणा बसे, मालक बसे आणि डॉक्टर उभा. एकदा एक बदू, म्हणजे वाळवंटातला भटका पशुपालक, आपला उंट पिकअपमध्ये बसवून घेऊन आला. उंट खात नव्हता. मी तीन-चार औषधं बदलली, काही फरक नाही. शेवटी उंट मेला, तेव्हा पोट फाडून बघितलं तर आत दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गोळा. तेव्हापासून मी एक नियम केला. बाहेरून अंदाज बांधत बसायचं नाही. पोट उघडून बघायचं.

या नियमामुळेच पुढची सगळी भानगड झाली.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बकरी ईद जवळ आली होती. या दिवसांत हजरमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसायची. त्या गर्दीत हाजी वरसमे यांची लाँच बंदराला लागली. हाजी सोमालियातल्या बर्बेरा बंदराचे व्यापारी. उंचापुरा माणूस, मेंदीने लाल केलेली दाढी, कमरेला लुंगी. तरुणपणी मुंबईच्या गोदीत काही वर्षं काढल्यामुळे हिंदी असं बोलायचे की डोळे मिटून ऐकलं तर माणूस डोंगरीचा वाटावा.

त्यांच्या लाँचमधून पांढऱ्याशुभ्र शेळ्या उतरल्या. मी तोंडं बघितली, खुरं बघितली. सगळं साफ. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या काही गोठ्यात पाय ताणून मरून पडल्या होत्या. डाव्या कुशीला पोट ढोलासारखं फुगलेलं. दुपारपर्यंत आणखी काही गेल्या. ताप नाही, तोंडात व्रण नाही, हगवण नाही. नुसतं पोट फुगायचं, शेळी रवंथ थांबवायची, दात खायची आणि आडवी व्हायची.

डॉक्टर फौझी आले, लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "खलास. सगळा कळप मारून पुरायचा."

"सर, बुळकांडीची लक्षणं नाहीत ही."

"मग कशाची आहेत?"

"पोट उघडून बघू द्या, मग सांगतो."

फौझी हट्टी होते, पण दुष्ट नव्हते. लहानपणी त्यांनी आपल्या गावातली सगळी गाईगुरं एका साथीत आडवी झालेली बघितली होती. ते म्हणाले, "दुक्तूर, एक कळप वाचवायला जाऊन देशभरची जनावरं घालवली तर मी कोणाला तोंड दाखवू? उद्या दुपारी मला कारण दे. नाहीतर खड्डा खणायला घेतो."

हाजी बाहेर उन्हात पिंपावर बसले होते. मला बघून उठले. "डाक्टर, मेरा बकरी को कोई बीमारी नहीं. बीमारी मेरे नसीब को है. यह माल गया तो मैं भी गया समझो."

मी सुरी घेतली आणि एका मेलेल्या शेळीचं पोट उघडलं. शेळीला चार पोटं असतात. त्यातलं सगळ्यात मोठं ते कोठीपोट, आपण घाईघाईने किराणा आणून कोठीत टाकतो तसं ती न चावता गिळलेलं तिथे साठवते. त्या कोठीपोटात हात घातला तर हाताला नारळाएवढा गोळा लागला. बाहेर काढला. तपकिरी, ओला, नमद्यासारखा, दाबलेल्या लोकरीसारखा घट्ट. ओढून बघितला, फाटेना. सुरी घातली, सुरी अडकली. प्लॅस्टिक नव्हतं. केसांचा गोळा म्हणावा तर केस तुटतात, हे तुटत नव्हतं.

मी एक बारीक तुकडा सुकवून काडीने पेटवला. प्लॅस्टिक असतं तर वितळून त्याचा मणी झाला असता. हा तुकडा चुरचुरला, विझला, बोटांत चुरगळून राख झाली. वास जळक्या केसांचा. मग गोळ्याचा एक लचका धुण्याचा सोडा घालून उकळवला. थोड्या वेळाने त्यातून एक तंतू सुटा झाला. मी तो बोटाने ओढत गेलो आणि तो येतच राहिला. हातभर, दोन हात, वावभर. केस काही वावभर लांब नसतो.

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला. आमच्या गल्लीत कोसा, म्हणजे रानटी रेशीम, कातणाऱ्या बाया होत्या. जंगलातल्या ऐनाच्या झाडांवरून आणलेले कोष त्या राखेच्या पाण्यात उकळत आणि उंबऱ्यात बसून मांडीवर धागा वळत. तो ओला, किंचित कुबट वास माझ्या नाकात बालपणापासून बसलेला. सोड्याच्या भांड्यावरून तीच वाफ आली आणि मी दोह्यात, मेलेल्या शेळीशेजारी उभा राहून मोठ्याने म्हणालो, "अरे, हा तर कोसा!"

फौझींना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. "दुक्तूर, आमच्याकडे रेशीम बायका अंगावर घालतात. शेळ्या पोटात घालत नाहीत."

"सर, या शेळ्यांनी घातलंय. आता कुठून ते शोधतो."

हाजींना घेऊन लाँचवर गेलो. वाटेत शेळ्यांना काय खायला घालत होतात म्हणून विचारलं. त्यांनी पोत्यांकडे बोट दाखवलं. काटेरी बाभळीसारख्या झाडाच्या वाळक्या शेंगा, मोडक्या डहाळ्यांसकट भरलेल्या. मी एक पोतं उपडं केलं आणि शेंगा हाताने पसरल्या. त्यात मधूनमधून काही 'शेंगा' जरा जाड होत्या. अंगठ्याएवढ्या, राखाडी, डहाळीला चिकटलेल्या, वरून बारीक कुसं. एक उचलून हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं. शेंग नव्हतीच ती. रेशमाचा कोष होता, आत झोपलेल्या प्राण्यासकट. कुसं हाताला लागली आणि पुढे रात्रभर मी तळवे खाजवत बसलो, ते वेगळं.

आता सगळं जुळलं. मोकळ्या रानात शेळी निवडून खाते. लाँचवर भुकेली, दाटीवाटीत उभी असलेली शेळी पुढ्यात येईल ते गिळते. कोष पोटात गेले, रेशीम काही पचत नाही, त्याचा नमदा झाला आणि कोठीपोटाचं दार बंद झालं. साथ नाही, लागण नाही.

फौझींनी गोळा स्वतः ओढून बघितला. दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन. शेवटी धापा टाकत म्हणाले, "यल्ला, पोती जाळ आणि शेळ्या वाचव."

जास्त फुगलेल्या शेळ्यांची मी डावी कूस उघडली, गोळे काढले आणि टाके घातले. बाकीच्यांना तेल पाजलं, चालवलं, हिरवा चारा दिला. बहुतेक वाचल्या. हाजींनी मला मिठी मारली. त्या मिठीचा वास आणि माझ्या अंगाचा वास, दोन्ही सारखेच होते.

पोती जाळण्याआधी मी फौझींकडे एक मागणं घातलं. थोडे कोष ठेवून घेऊ द्या. हा कुठला किडा आहे ते कळायला हवं, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

"परदेशी किडा? हजरमध्ये?" ते म्हणाले. "आपण दारवान आहोत, दुक्तूर. चोराला कोणी घरात पाळतं का?"

"कुलपात ठेवीन, दुहेरी जाळीत."

त्यांनी विचार केला. "ठेव. पण माहिती मिळाली की एकही जिवंत राहणार नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. दुहेरी जाळीसाठी घरातून कुसुमचं दूधदुभत्याचं जाळीचं कपाट उचललं. आम्ही अल मुंतझाला दोन खोल्यांत राहत होतो. कुसुम जिन्यापर्यंत माझ्या मागे आली. "अहो, माझं कपाट कुठे घेऊन चालले? अन् दूध कुठे ठेवू मी?"

"फ्रिजमध्ये. आता आपल्याकडे फ्रिज आहे."

"मग त्या किड्यांना ठेवा ना फ्रिजमध्ये!"

कपाट हजरमधल्या माझ्या खोलीत, कोपऱ्यात लागलं. बरेच महिने काही झालं नाही. मग एका सकाळी आत हालचाल दिसली, मी आनंदाने धावलो, तर कोषांतून पतंगाऐवजी माश्या निघाल्या होत्या. परोपजीवी. पतंगाला आतून खाऊन वाढलेल्या. माझं तोंड उतरलं. फौझी समाधानाने म्हणाले, "बघ, चोराच्या घरी चोर."

आणि मग एक दिवस ती आली. सकाळी ते ससाणेवाले गृहस्थ आले होते, ससाणा त्याच्या खुर्चीवर होता. त्याचा डोळा तपासायला मालकांनी टोपी काढली. नेमकं त्याच वेळी कपाटात जाळीला लोंबकळून एक तपकिरी, लोकरीच्या गुंड्यासारखा जीव पंख वाळवत होता. मी तिला अजून बघितलंही नव्हतं, ससाण्याने आधी बघितलं. त्याने झडप घातली. कपाट भिंतीवर आपटून कलंडलं, मी कपाटावर पडलो, मालक ससाण्यावर. बाहेरची जाळी टरकली, आतली टिकली. आत ती तशीच होती, पंख फक्त किंचित चुरगळले होते.

गृहस्थांनी वाकून आत बघितलं. "उंदीर आहे का?"

"नाही, पतंग आहे."

"माशाल्ला," ते म्हणाले. "याला जरा बारीक करा. माझा पक्षी बिचारा फसला."

खरंच अंगाने भरलेली होती. तळहाताएवढी, अंगभर दाट लव, पंखांवर फिकट पट्टे. तिला तोंड नव्हतं. या पतंगांचं असंच असतं, सगळं खाणं अळी असतानाच उरकतात. मोठे झाल्यावर फक्त जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. घरी हे सांगितलं तेव्हा कुसुम भाजी चिरत होती. ती म्हणाली, "तोंडच नाही? मग संसार सुखाचा होत असेल."

दुसऱ्याच दिवशी एका लहान कोषातून वेगळाच पतंग निघाला. निम्म्या आकाराचा, काळसर, मागचे पंख काचेसारखे आरपार. या दोघांचा काही संबंध असेल असं कोणीही म्हटलं नसतं. मला वाटलं पोत्यात दोन जातींचे कोष होते, म्हणून त्याला वेगळ्या डब्यात ठेवलं. पण संध्याकाळ झाली आणि मादी शेपूट उचलून स्तब्ध बसली. आपल्याला कसला वास येत नाही, पण पलीकडच्या डब्यातला तो काळा पतंग वेडा झाला. डब्यावर असा आपटू लागला की झाकण उडेल. मी त्याला कपाटात सोडलं. तो सरळ तिच्याकडे गेला आणि पत्रिका न बघता लग्न लागलं.

म्हणजे ही एकच जात होती. नवरा असा आणि बायको अशी.

अंडी झाली, अंड्यांतून अळ्या. त्यांना घालायचं काय? कतारच्या वाळवंटात 'समर' नावाचं एक काटेरी झाड असतं, आपल्या बाभळीचंच भावंड. त्याची कोवळी पानं अळ्यांनी खाल्ली. मग काय, दर शुक्रवारी कुसुम, मी आणि थर्मास, वाळवंटात पाला तोडायला. इतर मराठी कुटुंबं समुद्रावर जायची. कुणी विचारलं तर कुसुम म्हणायची, "आमच्याकडे खाणारी तोंडं वाढलीत."

नर-मादी टाचून, सुकवून मी लंडनच्या एका संग्रहालयाकडे पाठवले. काही महिन्यांनी उत्तराऐवजी एक बाई आल्या. मिस पेंबर्टन. आयुष्यभर आफ्रिकेतल्या पतंगांवर काम केलेल्या. नैरोबीला जाताना वाट वाकडी करून दोह्यात उतरल्या होत्या. सत्तरीच्या, काटकुळ्या, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात भिंग. आमच्या घरी पोहे खाल्ले आणि म्हणाल्या, "आता कपाट दाखवा."

हजरमध्ये त्या कपाटासमोर जमिनीवरच बसल्या. अळ्या बघितल्या, नवे कोष बघितले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी नराच्या शेपटाचा शेवट उघडून तपासला. पतंगाची जात पंखांच्या रंगावरून नक्की ठरत नाही, रंग फसवतात. ठरते ती या भागावरून. प्रत्येक जातीचं कुलूप वेगळं, किल्ली वेगळी.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. "तुमचा हा नर आम्हाला ठाऊक आहे. फार पूर्वी कुणीतरी असा एकच पकडला होता. एक पंख तुटका, आणि खाली चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं, 'आफ्रिका'. त्यावरून नाव दिलं गेलं. त्यानंतर कुणालाही तो दिसला नाही."

"आणि मादी?"

"मादी, कोष, अळी, अंडं. यातलं काहीही आजवर कुणी बघितलेलं नाही, डॉक्टर. हे सगळं पहिल्यांदा तुमच्या या दुधाच्या कपाटात दिसतंय."

कुसुम शेजारीच उभी होती. ती मराठीत पुटपुटली, "कपाट आता काही परत मिळत नाही."

मी हवेत तरंगत होतो, पण मिस पेंबर्टननी लगेच खाली आणलं. "वर्णन लिहू, दोघांच्या नावाने लिहू. पण स्थळ हवं. कुठल्या दरीत, कुठल्या झाडावर. 'दोहा, शेळीचं पोट' असं मी छापू शकत नाही. एक 'आफ्रिका' झाली तेवढी पुरे."

आपल्याकडे लग्नात विचारतात तेच. स्थळ कुठलं? ते कळल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत. आणि स्थळ एकाच माणसाला माहीत होतं.

हाजी पुढची खेप घेऊन आले तेव्हा मी विचारलं. ते एकदम तुटक बोलायला लागले, म्हणजे टाळत होते.

"हाजी, शेंगा कुठून भरल्या एवढंच सांगा."

"बाजार से."

"कुठल्या?"

"बड़े बाजार से. डाक्टर, चाय पियो."

मला वाटलं व्यापाराचं गुपित असेल, स्वस्त मालाची जागा कोण सांगतो? मी शपथ घेतली की दुसऱ्या व्यापाऱ्याला कळणार नाही. हाजी हसले नाहीत. त्यांनी दार बंद केलं आणि आवाज खाली आणला.

"वो शेंग मेरी बीवी ने जमा की थी."

"मग अडचण काय? तुमची बायको बर्बेरालाच असते ना?"

"वो बर्बेरा वाली है. यह दूसरी है."

हळूहळू उलगडा झाला. डोंगरापलीकडच्या एका दरीत हाजींचा दुसरा संसार होता. सफिया नाव तिचं. शेळ्या तिकडच्याच, शेंगाही तिनेच बायका लावून झाडं झोडपून गोळा केलेल्या. आणि ज्या लाँचवर हे सगळं चढायचं ती पहिल्या बायकोच्या भावांची! हाजी त्या दरीत कशाला जातात, हे मेहुण्यांना कळलं असतं तर हाजींच्या हातची लाँच गेली असती आणि बहुधा दाढीही.

"किताब में गाँव का नाम छपेगा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कौन पढ़ता है ऐसी किताब?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं. "जगात मूठभर लोक. तेही एकमेकांच्या चुका काढायला."

"उसमें सोमाली कितने?"

"माझ्या माहितीत एकही नाही."

हाजींनी दाढीवरून हात फिरवला, वर बघितलं, आणि हळूच गावाचं नाव सांगितलं. झाड कुठलं, दरी कुठली, पाऊस कधी येतो, हेही सांगितलं. बोलताना चेहरा असा मऊ झाला की मला कळलं, माणूस नुसत्या शेळ्यांसाठी एवढा डोंगर ओलांडत नाही.

ते नाव मी इथे लिहीत नाही. शास्त्रज्ञांच्या पलीकडे जाणार नाही असं मी हाजींना सांगितलं होतं, आणि दिवाळी अंक बरेच लोक वाचतात.

निबंध छापून आला. आधी मिस पेंबर्टनचं नाव, मग माझं. मादीचं, कोषाचं, अळीचं वर्णन, आणि खाली एका ओळीत स्थळ. छापलेली पानं टपालाने आली त्या दिवशी फौझींनी सगळ्यांना बकलावा वाटला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला कळलं. शब्द शब्द असतो.

लशी ठेवायच्या मोठ्या फ्रीझरमध्ये मी उरलेले कोष आणि अळ्या ठेवून दिल्या. त्या वेळी काही वाटलं नाही, आपण रोज जनावरं मारण्याच्या आणि वाचवण्याच्या धंद्यातच होतो. पण नंतर रिकामं कपाट बघून कुसुम म्हणाली, "आता शुक्रवारी काय करायचं?" आणि आम्ही तरीही गेलो. समरच्या झाडाखाली बसून चहा घेतला, पाला न तोडता परत आलो. मी तो पतंग त्याच्या स्वतःच्या रानात उडताना कधीच बघितला नाही. आता बघणारही नाही. धंद्यातली एवढी एक हळहळ राहिली आहे.

नंतर तिकडे सोमालियात लढाई पेटली. हाजींच्या लाँचा यायच्या थांबल्या. मधल्या काळात त्यांचं काय झालं ते कळेना. मग ऐंशीच्या दशकाच्या अगदी शेवटी एका संध्याकाळी आमच्या दारावर टकटक झाली. हाजी होते. दाढीची मेंदी गेली होती, पांढरी झाली होती. मागे एक उंच, शेलाटी बाई उभी होती, डोक्यावरून पिवळी ओढणी.

"सफिया," हाजी म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "अब छुपाने का कुछ नहीं बचा, डाक्टर. बर्बेरा वाली, यह, बच्चे, साले, सब यहाँ एक कमरे में हैं. झगड़ा भी एक ही कमरे में."

चहा झाला. दरीचं काय झालं ते मी विचारलं. हाजी म्हणाले, घरं जळली. झाडं बरीचशी तोडली, कोळशासाठी. ते अशा सुरात म्हणाले की मी पुढे विचारलं नाही.

भिंतीवर काचेच्या पेटीत मी एक जोडी टाचून ठेवली होती, नर आणि मादी, खाली एक कोष डहाळीसकट. सफियाची नजर तिकडे गेली. ती उठली, जवळ गेली आणि काचेवर बोट ठेवलं, बरोबर कोषावर. मी मोठ्या अभिमानाने विचारलं, "हाजी, तुमच्या गावात याला काय म्हणतात?" आम्ही लॅटिन नाव लिहिलं होतं, पण खरं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

हाजींनी विचारलं. तिने उत्तर दिलं. ते म्हणाले, "इसका नाम नहीं है. गाली है. वो मैं भाभी के सामने नहीं बोलूँगा."

आम्ही सगळे हसलो. सफिया मात्र काचेसमोरून हलली नाही. मग तिने हाजींना आणखी काहीतरी सांगितलं. हाजी हसत हसत ऐकत होते, ते मध्येच थांबले.

"क्या बोली?" कुसुमने विचारलं.

"बोलती है, इसने हमारी कितनी बकरी खाई. उमर भर इसको गाली दी. आज देखा तो लगा, मायके का कोई मिल गया."

मग कुसुम माझ्याकडे वळली. "अहो, देऊन टाका."

खोटं कशाला सांगू, मला क्षणभर जड गेलं. संग्रहालयात दुसरी जोडी होती, पण ही माझी होती. मी स्टुलावर चढलो, पेटी काढली, पदराने कुसुमने काच पुसली आणि पेटी सफियाच्या हातात दिली.

जिना उतरताना पेटी हाजींनी घेतली, दोन्ही हातांनी आडवी धरून, पाय चाचपत. मागून सफिया प्रत्येक पायरीला त्यांना काहीतरी बजावत होती. आम्हाला त्यातला एक शब्द कळत नव्हता. तरी कुसुम दारात उभी राहून मान हलवत होती आणि म्हणत होती, "बरोबर आहे तिचं. बघा ना, किती तिरकी धरलीय यांनी!"